साखरेची कामं

हलवा करायला थंडी हवी. पौषातल्या पहाटे शेगडीतले निखारे अगदी मंद करायचे, वर जाड बुडाची परात ठेवायची आणि परातीत मूठभर खसखस पसरायची. शेजारी पातेल्यात पाक. साखर आणि पाणी उकळलं की चमचाभर दूध घालायचं, वर येणारी मळी काढून टाकायची, म्हणजे पाक नितळ होतो. मग छोट्या चमच्याने हा पाक खसखशीवर थेंबाथेंबाने सोडायचा आणि लगेच बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. दाणे आधी ओलसर होतात, हाताला चिकटतात, मग हळूहळू सुटे होऊन परातीत खुळखुळायला लागतात. तो आवाज आला की पुढचा थेंब. आच जरा वाढली तर साखर पिवळी पडते. पाक जास्त पडला तर दाण्यांचे गठ्ठे होतात. सगळं जमून आलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दाण्यावर बारीक, अणकुचीदार काटा उमटतो. तोवर बोटांची टोकं लाल झालेली असतात.

माझ्या सासूबाई हा हलवा कित्येक वर्षं करत आल्या आहेत. घरात नवी सून आली की तिच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर हलव्याचे दागिने, बाळाच्या बोरन्हाणाला छोटा मुकुट, बासरी, गळ्यातला हार. त्यांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी साखर बंद केली त्यालाही आता बराच काळ लोटला. हलवा करताना त्या एक दाणाही तोंडात टाकत नाहीत, आणि कुणी म्हटलं, "आई, आता बाजारातून आणू या ना," तर त्यांना ते पटत नाही. त्यांच्याजवळ बसून तो काटा उमटताना बघितला की मला वाटतं, साखरेविषयीच्या आपल्या सगळ्या चर्चेतून काहीतरी निसटतंय. चर्चा असते ती गोडव्याची. साखर बाधते, तेव्हा तितकंच गोड पण न बाधणारं काहीतरी शोधा, म्हणजे प्रश्न मिटला. पण त्या परातीत गोडवा ही साखरेची दुय्यम बाजू आहे. तिथे साखर हेच बांधकामाचं सामान आहे. गरम पाकात पाण्याला एरवी पेलवली नसती इतकी साखर विरघळलेली असते. पाणी उडून जाऊ लागलं की ती साखर बाहेर पडायला जागा शोधते, आणि खसखशीच्या दाण्यावर स्फटिकावर स्फटिक चढत जातो. काटा म्हणजे हे एकावर एक वाढलेले स्फटिक. गोडव्याची कुठलीही गोळी, कुठलीही पूड हे करू शकत नाही, कारण त्या चिमूटभर पुडीत रचायला काही नसतंच.

स्वयंपाकघरात साखर आणखी काय काय करते हे आपल्याकडच्या बायकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. फक्त कुणी त्याला शास्त्र म्हटलं नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यात पाकाचा थेंब धरून बोटं हलकेच लांब केली की एक तार निघते. तो एकतारी पाक, रव्याच्या लाडवासाठी. थोडा आणखी आटला की दोनतारी. ताटलीतल्या गार पाण्यात थेंब टाकल्यावर त्याची मऊ गोळी वळता आली की गोळीबंद. पाणी 100 अंशांना उकळतं. पाक जसजसा दाट होतो तसतसं त्याचं तापमान त्याच्या वर चढत जातं आणि गोळीबंद पाक 115 अंशांच्या आसपास असतो. स्वयंपाकघरात थर्मामीटर नव्हता, बोटं होती. नारळाच्या वड्या थापल्या आणि त्या पडल्याच नाहीत, किंवा पडल्या त्या दगडासारख्या, तर चूक या दहा-पंधरा अंशांतली असते.

शिऱ्यात साखर रवा पुरता फुलल्यावरच घालायची, कारण साखर पाणी ओढून घेते आणि मग रवा फुलत नाही. पुरणाची डाळ बोटाने चेपली जाईपर्यंत शिजवायची, मगच गूळ. गूळ पडला की डाळ शिजायची थांबते. अनारशाला तुपात जाळी पडते ती साखरेमुळे किंवा गुळामुळे. शंकरपाळ्याचा बदामी रंग, तळताना घरभर पसरणारा तो वास, तोही बराचसा तिचाच. आणि मुरंबा! चैत्रात केलेला मुरंबा पुढच्या चैत्रापर्यंत टिकतो, फ्रिज लागत नाही. बुरशीला जगायला पाणी लागतं. मुरंब्यात पाणी असतं, पण साखरेने ते असं धरून ठेवलेलं असतं की बुरशीच्या वाट्याला काही येत नाही. वर्षभर बरणीवर राखण करण्याचं हे काम साखर मुकाट्याने करते आणि आपण म्हणतो, मुरंबा छान गोड झालाय.

आता चहाकडे बघा. चहात साखरेला यातलं एकही काम नाही. ती तिथे काही बांधत नाही, फुलवत नाही, टिकवत नाही. ती विरघळते आणि गोड लागते, बस. सरबतात तेच, शीतपेयांत तर अगदीच तेच. गोडव्याचे पर्याय सगळ्यात आधी चहाच्या कपात आणि शीतपेयाच्या बाटलीत शिरले ते याचमुळे. जिथे साखर नुसती गोड म्हणून बसली होती तिथून तिला उठवणं सोपं होतं.

या पर्यायांच्या जन्मकथा मोठ्या विलक्षण आहेत. 1879 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात इरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टंटिन फालबर्ग डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर काम करत होते. संध्याकाळी जेवताना त्यांना पाव गोड लागला. हाताला काहीतरी लागलं असणार हे त्यांच्या ध्यानात आलं, ते परत गेले आणि टेबलावरचं एकेक भांडं चाखत सुटले. ते सॅकरिन. साखरेच्या तीनशे ते चारशे पट गोड. 1937 मध्ये इलिनॉय विद्यापीठात मायकेल स्वेडा यांनी टेबलाच्या कडेला ठेवलेली सिगारेट पुन्हा ओठात धरली आणि ती गोड लागली, ते सायक्लामेट. 1965 मध्ये जेम्स श्लॅटर पोटातल्या अल्सरवरच्या औषधाचं काम करत होते. कागद उचलायला त्यांनी बोट जिभेला लावलं आणि त्यांना अ‍ॅस्पार्टेम सापडलं. आणि 1976 मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हे भारतीय संशोधक काम करत होते. साखरेच्या रेणूत क्लोरीन घालून उद्योगांना उपयोगी पडेल असं काही मिळतं का, याचा तो शोध होता. एक पूड तपासून बघ, असा निरोप त्यांना मिळाला. इंग्रजीतले तपासणे आणि चाखणे हे शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात. फडणिसांनी चाखून बघितली. ते सुक्रालोज, साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड. आज डब्यांतून, पुड्यांतून, प्रोटीनच्या भुकटीतून ते घरोघरी पोचलेलं आहे.

या चौघांपैकी कुणीही गोडवा शोधायला बसलं नव्हतं. चौघांच्याही जिभेने तो ओळखला, कारण जीभ त्याच्या शोधात कायमच असते. आईच्या दुधापासून. पिकलेलं फळ, मधाचं पोळं, उसाचं कांडं: गोड म्हणजे ताकद देणारं, गोड म्हणजे सहसा विषारी नसणारं. निसर्गाने लाखो वर्षांत शिकवलेला हा धडा आहे. या नव्या रेणूंनी त्या धड्यातला फक्त इशारा उचलला, त्यामागची ताकद मागेच राहिली.

त्यांच्याविषयीची भीती मात्र मला अनेकदा अवाजवी वाटते. सायक्लामेटवर अमेरिकेने 1969 मध्ये बंदी घातली. सॅकरिनमुळे उंदरांच्या मूत्राशयात कर्करोग झाला म्हणून 1977 पासून तिथे त्याच्या पुड्यांवर इशारा छापावा लागत असे. तो प्रकार उंदरांच्या शरीरापुरताच आहे हे कळल्यावर 2000 मध्ये इशारा काढला गेला. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला 'कर्करोगाला कदाचित कारणीभूत' अशा गटात टाकलं आणि आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर हाहाकार झाला. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने मात्र वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 40 मिलिग्रॅम ही आधीची मर्यादा कायम ठेवली. ती ओलांडायला 70 किलोच्या माणसाला दिवसाला डाएट शीतपेयाचे 9 ते 14 कॅन प्यावे लागतील. हे निरोपात कुणी लिहीत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात संघटनेने दिलेला दुसरा सल्ला मला जास्त मोलाचा वाटतो, त्याची चर्चा मात्र कमी झाली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोडव्यांचा आधार घेऊ नका, कारण लांबच्या पल्ल्यात त्याने चरबी कमी होत नाही, असा तो सल्ला. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना तो लागू नाही हेही त्यात स्पष्ट म्हटलंय. मधुमेही माणसाला गोळी आणि साखर यांत निवड करायची असेल तर गोळी कितीतरी बरी. हे मी मुद्दाम लिहिते, कारण रसायनाच्या भीतीने गोळी सोडून पुन्हा दोन चमचे साखर घालणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत.

आईंनी आधी गोळीच घेतली. छोटी पांढरी डबी, वरचं बटण दाबलं की एक गोळी कपात पडायची आणि बारीक बुडबुडे सोडत विरघळायची. डबी कमरेला खोचलेल्या रुमालात. चहा कुणाकडेही असो, डबी निघायची. पण त्या चहावर त्या कधी खूश नव्हत्या. एकदा म्हणाल्या, "गोड लागतं गं, पण संपतच नाही तोंडातून." मला ते वर्णन फार नेमकं वाटलं. साखरेची गोडी जिभेवर पटकन येते आणि पटकन जाते. या पदार्थांची उशिरा येते, रेंगाळते, जाता जाता कडवटपणा ठेवून जाते. कारण रेणू वेगळा आहे, जिभेवरच्या पेशींना तो वेगळ्या पद्धतीने बिलगतो. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या ते मात्र मला विचारात पाडणारं होतं. "या गोळीने गोडाची आठवण जात नाही. रोज आठवण करून देते."

मग त्यांनी डॉक्टरांशी बोलून गोळीही कमी करत आणली. चहात आलं वाढलं, अंगणातला गवती चहा आला, कधी दोन वेलदोडे. पहिले काही आठवडे कठीण गेले. चहा घेऊनही चहा घेतल्यासारखं वाटत नाही म्हणायच्या. नंतर एका सकाळी कप खाली ठेवत म्हणाल्या, "दुधाला गोडी असते हे मी विसरूनच गेले होते." खरंच असते. दुधात दुधाची म्हणून साखर असते, फक्त चमच्याने घातलेल्या साखरेखाली ती जिभेला सापडत नाही. त्यानंतर एकेक गोष्ट परत यायला लागली: कोशिंबिरीतलं गाजर, परतलेला कांदा, हुरडा, लाल भोपळा. जीभ बदलते. तिला वेळ द्यावा लागतो. साखरेच्या जागी तितकंच गोड दुसरं काही घातलं तर तो वेळ तिला कधी मिळतच नाही. पर्यायांवर माझा आक्षेप असेल तर तो एवढाच आहे, आणि तो मला लहान वाटत नाही.

आईंना त्रास झाला तो बाहेर. आपल्याकडे आग्रह गोडाचाच. पेढा हातावर ठेवायचा आणि समोरच्याने तो खाईपर्यंत हलायचं नाही. "एका दिवसाने काय होतंय?" हे वाक्य त्यांनी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, एकदा तर तेराव्यालाही ऐकलं. म्हणणाऱ्यांच्या मनात माया असते, याबद्दल मला शंका नाही. दारी आलेल्याला गूळ-पाणी देणारी आपण माणसं. बिनसाखरेचा चहा पुढे करणं म्हणजे काहीतरी हातचं राखल्यासारखं वाटतं. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले त्याहून जास्त. दर घरात, दर पंगतीत कुणीतरी आहेच. मायेने त्यांना "नको" म्हणायला भाग पाडू नये. आमच्याकडे आता चहा बिनसाखरेचाच होतो आणि साखरेचा डबा चमचा खोचून शेजारी ठेवलेला असतो. सुरुवातीला पाहुणे गोंधळले. आता घालून घेतात, आणि बरेच जण पूर्वीपेक्षा कमी घालतात.

बाजाराने मात्र या अडचणीतून नवा गल्ला उभा केला आहे. मिठाईच्या दुकानात 'शुगर फ्री' असा वेगळा कप्पा असतो. त्यातल्या बर्फीत साखर नसते, पण साखरेने येणारा आकार, चिकटपणा, वजन कुठून तरी आणावं लागतंच. चिमूटभर सुक्रालोजने किलोभर बर्फी उभी राहत नाही. म्हणून मग माल्टिटॉल, सॉर्बिटॉल असे पदार्थ येतात. ते जास्त खाल्ले तर पोट फुगतं, बिघडतं. माल्टिटॉलने रक्तातली साखरही थोडी वाढतेच. दुसऱ्या कप्प्यात खजूर-अंजिराचे लाडू असतात, वर 'साखर घातलेली नाही'. घातलेली नसेल, खजुरात ती आधीपासून भरपूर असते. लाडू पौष्टिक आहेत, जरूर खावेत. पण मधुमेही माणसाने ते चार खावेत असं त्या वेष्टनावरून वाटतं, आणि मला राग येतो तो तिथे. काही नर्सऱ्यांत गोड तुळस मिळते, तिलाच स्टेव्हिया म्हणतात. मूळची पॅराग्वेची, तिथले ग्वारानी लोक फार पूर्वीपासून वापरत आलेले. तिच्यातल्या गोड घटकांना आपल्याकडे 2015 मध्ये अन्नात वापरायला परवानगी मिळाली. आमच्या कुंडीत एक रोप आहे. पान चावलं की आधी गवताची चव, मग एकदम गोड, मग ज्येष्ठमधासारखं काहीतरी मागे उरतं. मुलांना त्याचं फार नवल.

आणि गूळ. "साखर नको, गूळ चालेल" हे वाक्य मी सुशिक्षित घरांत रोज ऐकते. गुळात थोडं लोह असतं, इतर क्षार असतात, स्वतःची चव असते. पण त्याचा मोठा भाग साखरच आहे आणि रक्तात गेल्यावर ती साखरेसारखीच वागते. मधुमेहाच्या हिशेबात गुळाला सवलत नाही. हे सांगितलं की लोकांना वाईट वाटतं, मलाही वाटतं, कारण माझं आजोळ कोल्हापूरकडचं आणि गुऱ्हाळाचा वास माझ्या अंगात मुरलेला आहे. चरकातून निघालेला हिरवट रस मोठ्या काहिलीत पडायचा, खाली चुलाणात चिपाडं धडधडायची. रानभेंडीची खोडं ठेचून त्यांचं बुळबुळीत पाणी रसात घातलं की सगळी मळी फेसाबरोबर वर यायची आणि झाऱ्याने काढून टाकायची. गुळव्या काहिलीशी उभा. मध्येच उकळता रस थोडासा गार पाण्यात टाकायचा, बोटांत घेऊन बघायचा आणि एका क्षणी हात वर करायचा. त्या क्षणी काहील उतरायचीच. जरा आधी उतरली तर काकवी, जरा उशीर झाला तर गूळ करपला. गुळव्याची ती बोटं आणि आईंची पाकातली बोटं एकाच विद्येची. आता ग्राहकाला गूळ पिवळाधमक लागतो, म्हणून हायड्रॉसची पूड घालून त्याचा रंग उजळ करतात. काळपट गूळ मागे पडला होता. अलीकडे 'सेंद्रिय' म्हणून तोच महाग विकला जातो. गूळ गुळासाठी खावा, भाकरीवर तुपाबरोबर, थोडा. औषध म्हणून खाऊ नये.

साखरेविषयी महाराष्ट्रात लिहायचं आणि ऊस तोडणाऱ्यांविषयी गप्प राहायचं, हे मला जमणार नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी लोणीला सहकारी कारखाना उभा केला, 1950 मध्ये त्याची चाकं फिरू लागली आणि पुढे त्या वाटेने पश्चिम महाराष्ट्राचं रूप पालटलं. शाळा, दवाखाने, रस्ते, राजकारण, सगळं त्या रसावर पोसलं. पण शंभर किलो ऊस गाळला की दहा-अकरा किलो साखर निघते, आणि तो शंभर किलो ऊस कुणीतरी वाकून बुंध्याशी तोडलेला असतो. दिवाळीच्या मागेपुढे बीड, जालना, परभणीकडून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते आणि ती फिटेपर्यंत सुट्टी नाही. एक दिवस पडलं तर खाडा कापला जातो. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातली एक गोष्ट सगळ्या देशासमोर आली. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जात होती. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीच्या पाहणीत 82 हजारांहून अधिक महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीच्या चार दिवसांचा खाडा परवडत नाही, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, अंगावरून जाणं वर्षानुवर्षं अंगावर काढायचं, आणि मग डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका. त्यातल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या.

आपण साखर खाणं कमी केलं म्हणून हे थांबेल असं मला वाटून घ्यायचं नाही. उसाला आता दुसरी वाट आहे. मळीपासून आणि रसापासून इथेनॉल होतं, ते पेट्रोलमध्ये मिसळतात. साखर कमी निघाली तरी फड तोडायचा राहणार नाही, कोयता चालूच राहील. त्या बाईला आडोसा, पाणी, दवाखाना आणि खाड्याशिवाय चार दिवसांची सुट्टी हवी आहे, आणि ती मागणी साखर खाणाऱ्यांनी आणि न खाणाऱ्यांनी सारख्याच जोराने करायला हवी. मी चमचाभर साखर डब्यातून काढते तेव्हा ती कुठून आली हे मला माहीत असावं, एवढं तरी मी स्वतःशी धरून आहे. स्वस्त म्हणून आपण ती उधळतो. कुठल्याही नेहमीच्या कोलाच्या 100 मिलिलिटरमध्ये 10-11 ग्रॅम साखर असते. 300 मिलिलिटरचा एक कॅन रिचवला की सात चमचे पोटात, आणि त्या सात चमच्यांनी ना काही बांधलं, ना काही टिकवलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो 25 ग्रॅमच्या आत असावी. एक कॅन त्याच्यापुढे जातो.

2025 च्या मे महिन्यात सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं: कोणत्या खाऊत, कोणत्या पेयात किती साखर असते हे मुलांना रोज दिसेल असा फलक. मला ही कल्पना फार आवडली. शेजारच्या मुलीने तिच्या शाळेतला फलक वहीत उतरवून आणला होता, आमच्या ओट्याशी उभी राहून ती तो आईंना वाचून दाखवत होती. आईंनी तिला विचारलं, "आणि शिऱ्यात किती, मुरंब्यात किती, ते नाही लिहिलं?" नव्हतं लिहिलेलं. मग दोघींनी बसून यादी केली. त्यात हेही आलं की शिरा सठीसामासी होतो आणि वाटीभर पुरतो, कोला मात्र मधल्या सुट्टीत रोज मिळतो. मुलीने ते खाली पेन्सिलने लिहून घेतलं.

आमच्या घरात सध्याची व्यवस्था अशी आहे. चहात, दुधात, सरबतात, दह्यात साखर नाही. सरबताला सैंधव आणि जिरेपूड, दही ताजं लावलेलं. शीतपेयं घरात येत नाहीत, साखरेची नाहीत आणि बिनसाखरेचीही नाहीत. आईंची गोळ्यांची डबी कपाटात आहे, परगावी गेल्यावर लागते कधीतरी. शिऱ्यात रव्याच्या निम्मी साखर, आणि बेदाणे जास्त. पुरणपोळी होळीला, पोळ्याला. आई त्या दिवशी अर्धी खातात आणि भात सोडतात. हलवा संक्रांतीला. कैरीचा मुरंबा दर वर्षी, चैत्र संपायच्या आत, राजापुरी कैरीचा. त्यात मात्र कैरीच्या किसाइतकी, आंबट निघाली तर सव्वापट साखर पडते, चमचाभरही कमी नाही.